छर्‍याला वार्निश मारलं तर? (१० मीटर एअर पिस्तूल)

सक्करदरा_वाइंडिंग

नमस्कार मंडळी. सक्करदऱ्याला माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे, वय ४६. पोरीला नेमबाजीच्या क्लासला सोडता-आणता तीन वर्षांपूर्वी मीच एअर पिस्तूल धरलं. पोरगी आता बॅडमिंटन खेळते, मी अजून तिथंच आहे.

फेब्रुवारीत ६० शॉटला ६०० पैकी ५५८ पर्यंत आलो होतो. मे उजाडला अन् ५४१, ५४४, परवा तर ५३८. माझा संशय छर्‍यांवर आहे. मार्चअखेर जुना डबा संपत आला म्हणून नवा फोडला. कंपनी तीच, डोकं ४.५० मिमी तेच, वजन ०.५३ ग्रॅम तेच, लॉट तेवढा वेगळा.

आता मुद्द्याचं. रात्री अमेरिकेतल्या लोकांचे व्हिडिओ पाहून राहिलो होतो. ते पिस्तुलाची काडतुसं घरीच भरतात, अन् शिशाच्या गोळीवर लाल-हिरवं कोटिंग असते. म्हणतात, नळीत शिसं बसत नाही, धूर कमी होते. म्हटलं, कोटिंग तर आपला धंदाच आहे! तांब्याच्या तारेवरचं इनॅमल किती जाड, हे मी रोज मायक्रोमीटरनं मोजतो. इन्सुलेटिंग वार्निश डब्यानं पडलं आहे, वाळवायला भट्टी आहे. छर्रे वार्निशमध्ये बुडवून वाळवले तर हाताला शिसं लागणार नाही, नळी साफ राहील, नेमही सुधारेल, असा माझा हिशोब.

कोणी करून पाह्यलं आहे का? खोटं कशाला बोलू, २० छर्रे बुडवून झाले, आत्ता भट्टीत आहेत. भट्टी १२० वर आहे, शिसं ३२७ ला वितळते, तेव्हा ती काळजी नाही.

धरमपेठ_चष्मा

मोटारीला वार्निश, छर्‍याला वार्निश. भाऊ, उद्या तर्री-पोह्यावर नका मारू म्हणजे झालं.

नेम_ताई

दादा, ते २० छर्रे नळीत घालू नका, आधी हे वाचा.

छर्‍याचं डोकं नळीतल्या आट्यांवर (आतल्या पिळदार कंगोऱ्यांवर) चालतं आणि मागचा पातळ घेर हवेच्या दाबानं फुलून नळीला चिकटतो. तो घेर मऊ आहे म्हणूनच हे जमतं. त्यावर वार्निश वाळलं की तो कडक होणार, तोही एका बाजूला जास्त. डबे ४.४९, ४.५०, ४.५१ असे विकले जातात ते उगाच नाही, इथे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाला किंमत आहे. वार्निशचा एक थेंब त्यापेक्षा जाड.

आणि नळीत शिसं बसण्याची अडचण आपली नाहीच. त्यांच्या गोळीमागे जळत्या दारूचा गरम वायू असतो, वेग आपल्या दुप्पट आणि वर. आपला छर्रा थंड हवेवर सेकंदाला १५० मीटरच्या आसपास जातो. आठवड्याला नळीतून दोन फेल्ट (नळी पुसायचे नमद्याचे बोळे) ओढले की पुरे.

आता तुमच्या संशयाबद्दल. पिस्तुलाच्या टार्गेटवर १० चं वर्तुळ ११.५ मिमी, छर्रा ४.५ मिमी, आणि छर्‍याची कड रेषेला नुसती शिवली तरी १० मिळतात. म्हणजे छर्‍याचं केंद्र मध्यापासून ८ मिमीच्या आत पडलं की काम झालं. छर्रा शिकंज्यातून (पिस्तूल घट्ट धरणाऱ्या व्हाइसमधून) ८ मिमीचा ग्रुप देत असेल, म्हणजे सगळे छर्रे ८ मिमीत पडत असतील, तर तो मध्यापासून साधारण ४ मिमी भटकतो, निम्मी जागा उरतेच. पात्रता फेरीत पिस्तुलाला दशांशही धरत नाहीत, १०.० काय नि १०.९ काय, सारखेच. रायफलवाल्यांचं १० म्हणजे अर्ध्या मिमीचा ठिपका, शिवाय त्यांचा दशांशही मोजतात. त्यांनी लॉटसाठी जीव टाकावा, तुम्ही-आम्ही नाही. १४-२० गुण लॉट खात नाही, दादा. नवा लॉट कसा तपासला तुम्ही? हातानं?

सक्करदरा_वाइंडिंग

हो, हातानंच. पाच शॉट जुने, पाच नवे. नवे पसरले.

ऑस्टिनचा_नागपूरकर

मी मूळचा प्रतापनगरचा, आता टेक्सासमध्ये. इथे कायद्यानं चालतं, म्हणून ९ मिमीची काडतुसं मी घरी भरतो, तीही कोटेड गोळ्या वापरूनच. तेव्हा त्या व्हिडिओंची दुसरी बाजू सांगतो.

ते कोटिंग वार्निशसारखं नुसतं बुडवून काढलेलं नसतं. भट्टीत पक्कं झाल्यावर गोळी ठराविक मापाच्या साच्यातून दाबून काढतात, तेव्हा कुठे माप एकसारखं येतं. पहिल्या वर्षी मी एक घोळ घातला. काडतुसाच्या पितळी केसचं तोंड पुरेसं उघडत नव्हतो, त्याच्या कडेनं गोळी बसवतानाच कोटिंग खरवडून निघायचं. नळीत शिसं साचलं आणि मी महिनाभर दारूला शिव्या देत बसलो. शेवटी एक गोळी परत उपटून पाहिली, तर तिच्या अंगावर गोल ओरखडा. तेव्हापासून एका वेळी एकच गोष्ट बदलतो आणि वहीत लिहितो. तुम्ही तर लॉट, वार्निश आणि वैशाख एकदमच बदलून राहिले.

आणि दादा, गोळ्या भरायचं खूळ तिकडे घेऊ नका. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा बनवायला परवाना लागतो. एअर पिस्तुलाची गोष्ट वेगळी. ०.५३ ग्रॅम आणि १५० मीटर धरले तर जेमतेम ६ ज्यूल होतात, नियमातली मर्यादा २० ची आहे.

वाडीचे_काका

मी डिफेन्समधून रिटायर झालो, नोकरीभर तपासणीत होतो. पाच शॉटवर लॉट पास किंवा नापास करणाऱ्याला आमच्याकडे साहेबानं उभं केलं नसतं.

पिस्तूल शिकंज्यात धरा. नळी आवळायची नाही, पिस्तुलाचा हवेचा सिलिंडर तर नाहीच. फ्रेमला दोन्हीकडून लाकडी फळी आणि रबर लावून धरा. दहा-दहाचे ग्रुप, प्रत्येक लॉटचे निदान तीन, आलटून पालटून. सकाळी एक लॉट आणि दुपारी दुसरा असं केलं तर लॉट नाही, ऊन मोजाल. आणि कोणता छर्रा कोणत्या लॉटचा हे उडवणाऱ्याला कळता कामा नये. मन आधीच निकाल देऊन बसतं, तुमचं तर मार्चपासून बसलं आहे.

उन्हावरून आठवलं. सिलिंडर गाडीच्या डिकीत ठेवता का? २५ अंशाला २०० बार भरलेला सिलिंडर डिकीत ६० अंशाला गेला की २२३ च्या आसपास चढतो. नागपूरच्या मेमध्ये डिकी ६० ला सहज जाते. सिलिंडरवरची तारीखही पाहा, दहा वर्षं झाली की बाद. रेग्युलेटर (हवेचा दाब ठरवणारा भाग) थोडा हलला असेल तरी घाबरू नका. वेग १५० चा १४५ झाला तर दहा मीटरवर छर्रा दीडेक मिमी खाली येईल, तेवढ्यानं १० जात नाही.

सक्करदरा_वाइंडिंग

उशीर झाला, पण सगळं करून आलो.

पहिले वार्निशचे छर्रे. उडवले नाहीत, ताई, नुसते मोजले. डोकं ४.५० चं कुठं ४.५३, कुठं ४.५८ झालं. वजन ०.५३ पासून ०.५७ पर्यंत. मागच्या घेरात थेंब जमून गोठलेला, जसा मोटारीचा आर्मेचर वार्निशमधून घाईत काढला की खाली लोंबतो तसा. गिऱ्हाइकाला अशी मोटर दिली असती तर त्यानं माझ्याच डोक्यात घातली असती.

मग शिकंजा. महालात आईच्या जुन्या घरी ओसरीपासून मागच्या खोलीपर्यंत सरळ अकरा मीटर भरतात. मागचं दार कुलूपबंद केलं, भिंतीला छर्रे अडवणारा पत्र्याचा पेलेट ट्रॅप लावला. जुन्या लॉटचे छर्रे क्लासमधल्या एकाकडून ३० उसने आणले. आईला दिवाळीच्या पणत्यांमध्ये दहा-दहा भरायला लावले, चिठ्ठी तिच्याजवळ. ती म्हणे, "एवढ्यात माझे दोन किलो गहू निवडून झाले असते."

जुना लॉट: ८, ९, ८ मिमी. नवा लॉट: ९, ८, ७. चिठ्ठी उघडली तेव्हा मीच हसलो. एका ग्रुपचे पहिले पाच शॉट तर ४ मिमीत होते, सहाव्यानं तो ८ चा केला. पाचावर थांबलो असतो तर त्या डब्याची पूजा घातली असती.

म्हणजे छर्रे निर्दोष, सिलिंडर निर्दोष (तारीख पाह्यली, चार वर्षं बाकी आहेत, डिकीतून काढला, काका). मग उरलो मी. स्कोअर बिलबुकाच्या मागे लिहीत असतो, ते काढून पाह्यलं. ५५८, ५५५, ५५७ हे सगळे मार्चच्या आधीचे. घसरण सुरू झाली एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, अन् त्याच पानाच्या पुढच्या बाजूला काय, तर कूलरच्या मोटारी. दिवसाला नऊ-दहा, वरून पंप वेगळे. केसासारखी बारीक तार सकाळपासून रात्री नऊपर्यंत उजव्या हाताच्या बोटांतून सरकते, त्याच हातानं सव्वानऊला पिस्तूल उचलायचं. त्या महिन्यात एकच आकडा वर आहे, ५५६. तो भाचीच्या लग्नाला वर्ध्याला तीन दिवस दुकान बंद ठेवून गेलो होतो, त्याच्या दुसऱ्या दिवशीचा. कोटिंगचं खूळ डोक्यात नसतं तर हे पान मी उलटूनच पाह्यलं नसतं.

धंदा काही बंद ठेवता येत नाही, वर्षाची कमाई याच दोन महिन्यांत आहे. आता सकाळी साडेसहाला, दुकान उघडायच्या आधी, ३० च शॉट मारतो. काल ३० ला २७७ झाले. मृग लागून कूलर माळ्यावर गेले की पूर्ण ६० चा टाकतो.

धरमपेठ_चष्मा

आमच्या कूलरचा पंप तुमच्याकडेच पडून आहे नऊ दिवस. सकाळी साडेसहाला उठता तर तो पहिले करा ना बावा.

नेम_ताई

दादा, छान झालं. छर्रे हाताळल्यावर गार पाण्यानं साबण लावून हात धुवा, आईंनाही सांगा. आणि त्या पणत्या फेकून द्या, दिवाळीला देवाजवळ लावू नका.