मदत हवी आहे: बाळ बाटली लगेच घेतं, अंगावर मात्र लागतच नाही

कोरेगावची_लेक
नमस्कार. पहिलं बाळंतपण, माहेरी आले आहे. कोरेगावजवळच खेडं आहे आमचं. सिझेरियन झालं, मुलगी आहे, परवाच पाचवी पुजली. जन्माचं वजन 2.9 किलो, घरी सोडलं तेव्हा 2.7. कावीळ होती म्हणून तिला निळ्या दिव्याखाली ठेवलं होतं. तेव्हा तिथल्या सिस्टरनी पावडरचं दूध बाटलीने सुरू केलं, ते आजपर्यंत चालू आहे.

बाटली तोंडाला लावली की गटागटा पिते. छातीशी घेतलं की पाठीची कमान करते, मुठी आवळते आणि लालभडक होईपर्यंत रडते. कधी घेतलंच तर बोंडाचं नुसतं टोक हिरड्यांत धरते, चार घोट ओढल्यासारखं करते आणि सोडून देते. डाव्या बोंडाला चीर पडली आहे, खपली धरते आणि पुढच्या पाजण्यात परत निघते. उजवं बोंड सपाट आहे, तिच्या हातीच लागत नाही म्हणा ना. दूध नाही असं मात्र नाही. काल रात्री दोन्हीकडे इतकं भरून आलं की हात लावू देईना, आणि बाळ बाजूला बाटली पीत होतं.

आईचं अळिवाची खीर, शेपू, बाजरीची भाकरी सगळं जोरात चालू आहे. आजी म्हणते आपल्या घराण्यात बोंडं बसकीच, त्याला काय करणार. सासूबाईंचा रोज फोन असतो, "लेकराला उगा रडवू नको, वरचं दे आणि मोकळी हो." मिस्टर पुण्याला, शनिवार-रविवारी येतात.

एकदा बाटलीची सवय लागलेलं बाळ परत अंगावर येतं का? बाटली एकदम बंद केली आणि उपाशी राहिली तर? सपाट बोंडाला काही करता येतं का? साताऱ्यात कुठे दाखवू? कुणी यातून गेलं असेल तर नीट सविस्तर सांगा. "धीर धर" सोडून काहीही चालेल, ते ऐकून कान किटलेत.

विट्याची
येतं गं, माझा आला. आधी एक सांग, दिवसातून किती लंगोट ओले होतात? पाचव्या-सहाव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा तरी व्हायला हवेत आणि शी काळी-हिरवी न राहता पिवळी व्हायला हवी. तेवढं असेल तर बाळाच्या पोटात पुरेसं जातंय, घाबरू नकोस.

कोरेगावची_लेक
लंगोट सात-आठ होतात, शी पिवळी आहे. पण ते बाटलीच्या जोरावर ना!

वॉर्डातली_सिस्टर
मिरजेत बाळंतिणींच्या वॉर्डात बरीच वर्षं काम केलंय, म्हणून जरा लांबण लावते.

वजनाची आधी काळजी सोडा. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरतं, तुमचं साधारण सात टक्के उतरलंय. दहा ते चौदा दिवसांत जन्माच्या वजनाला परत यायला हवं. ते आलं नाही तर मात्र बालरोगतज्ज्ञांकडे जायचं.

आता रडण्याचं. बाटलीत चोखलं की दूध लगेच येतं. अंगावर पान्हा सुटेपर्यंत मिनिटभर ओढावं लागतं आणि तोंडही मोठं उघडावं लागतं. बाळाला ती सवयच झालेली नाही, इतकंच. पण आपल्याकडे काय करतात, बाळ रडायला लागलं की आई, आजी, शेजारीण सगळ्या मिळून त्याचं डोकं धरून छातीवर दाबतात. डोक्याला मागून हात लागला की बाळ मान उलटी मागे टाकतं. तुम्ही कमान म्हणताय ती बहुतेक हीच. तेव्हा पहिला नियम, डोक्याच्या मागे कुणाचाही हात नको. अंगठा एका कानामागे, बोटं दुसऱ्या कानामागे आणि तळवा खांद्यांच्या मध्ये, अशी मान धरा.

सिझेरियनच्या टाक्यांवर वजन नको म्हणून बाळाला काखेतून घ्या. शेजारी उशा रचून त्यावर बाळ, पाय तुमच्या पाठीकडे, तोंड छातीकडे. बाळाचं पोट तुमच्या अंगाला चिकटलेलं, कान-खांदा-कंबर एका रेषेत. तुम्ही पुढे वाकू नका, बाळाला वर आणा. नाक बोंडासमोर येऊ द्या, तोंड नव्हे. बोंड वरच्या ओठावर फिरवा आणि थांबा. जांभई दिल्यासारखा मोठा आ झाला की त्या क्षणी खांद्यांकडून जवळ घ्या, हनुवटी आधी टेकली पाहिजे. दुसऱ्या हाताने स्तन जरा चेपून धरा, वडापाव आपण तोंडाच्या रेषेत चेपतो तसा, म्हणजे बोंडाभोवतीच्या काळ्या भागातलाही घास तोंडात जातो.

नीट लागलंय की नाही ते बघायला चार खुणा: तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, आणि काळा भाग वरच्या ओठाच्या वर जास्त दिसतोय, खाली कमी. गाल आत ओढले जात असतील किंवा चटचट आवाज येत असेल तर ते लागणं खोटं. सुरुवातीला काही सेकंद चिमटा बसतो, पण पुढेही कळ येत राहिली तर सहन करत बसू नका. करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून आत सारून हवा जाऊ द्या, सोडवा, परत लावा. तसंच ओढून काढलं की चीर वाढते. पाजून झालं की दुधाचेच चार थेंब बोंडाला लावून वाऱ्यावर सुकू द्या. दर वेळी साबण लावून धुऊ नका.

छाती भरून टणक झाली की बोंड आणखी सपाट होतं, मग कुठलंही बाळ घसरतं. पाजायच्या आधी कोमट पाण्याचा कपडा ठेवून थोडं दूध हाताने काढा. किंवा काळ्या भागाच्या कडेला बोटांची टोकं ठेवून छातीच्या दिशेने मिनिटभर हलकं दाबून ठेवा. सूज मागे सरते. पाजून झाल्यावर गार कपडा.

उजव्या बाजूला सिरिंजची युक्ती करा. नवी 10 किंवा 20 मिलीची सिरिंज घ्या, जाड बोंडाला 20 ची. सुई टाकून द्यायची, सुईकडचं टोक ब्लेडने कापायचं, दट्ट्या काढून त्या कापलेल्या बाजूने आत घालायचा. मूळची गुळगुळीत कड बोंडाभोवती टेकवून दट्ट्या हळू मागे ओढायचा, अर्धा-एक मिनिट, पाजायच्या लगेच आधी. दुखलं की थांबायचं. हे एकदा कुणाकडून तरी समोर बसून शिकून घ्या. आणि आजींना सांगा, बाळ बोंड पीत नाही, स्तन पितं. घास मोठा घेतला तर बसकं बोंडही चालतं.

बाटली एकदम तोडू नका. आधी बाळाचं पोट, मग हट्ट. पण बाटलीच्या ऐवजी वाटी-चमचा किंवा बोंडलं, म्हणजे बाळाला दूध पाजायची चोचीची छोटी वाटी, घ्या. तुमचं स्वतःचं दूध दर दोन-तीन तासांनी काढा, रात्रीसुद्धा, नाहीतर आटायला लागेल. आधी ते द्या, कमी पडलं तर पावडर. अंगावर पिणं जसं वाढेल तशी पावडर डॉक्टरांच्या सांगण्याने उतरवत न्या.

आणि रडून बेजार झालेल्या बाळाला कधीही लावायला जाऊ नका. जिभेने चाटायला लागली, मूठ तोंडाकडे नेली, मान इकडेतिकडे वळवली की भूक लागली समजा. एरवीही बाळाला नुसत्या लंगोटावर उघड्या छातीवर ठेवून पडा, वरून गोधडी दोघींवर. पाजायचा आग्रह न धरता. खूप बाळं अशीच आपलीआपण शोधत येतात.

मुद्द्याचं_बोला
सगळं खरं, पण अंगावरच पाजलं पाहिजे हा केवढा ताण! माझी दोन्ही पोरं पावडरवर वाढली, ठणठणीत आहेत. आई रडून अर्धी होण्यापेक्षा ते बरं.

वॉर्डातली_सिस्टर
पावडरला मी विष म्हटलेलं नाही. काही बाळांना ती लागतेच. फक्त डब्यावर लिहिलंय त्याच मापाने करा, पुरवून पुरवून पातळ करू नका. पण ह्या ताईंना दूध भरपूर आहे आणि त्यांना पाजायचंय, प्रश्न तोच आहे ना?

कराडची_आज्जी
पोरी, बोंडलं मिळतं का बघ भांड्याच्या दुकानात, आमच्याकडं चांदीचं होतं, स्टीलचंबी चालतंय. दर वेळी उकळून घ्यायचं. लेकराला मांडीवर जरा उभं धर, बोंडल्याचं टोक ओठाच्या कडंला टेकव, दूध ओतू नको, लेकरू जिभेनं आपलं आपण ओढून घेतंय. आडवं पाडून ओतलं की ठसका लागतोय.

अन् काढलेलं दूध गॅसवर तापवू नको, वाटी गरम पाण्यात ठेव. बाहेर चार तासांच्या वर ठेवू नको, फ्रिजमधलं त्या दिवसाचं त्या दिवशी संपव. घरातली म्हातारी माणसं मध चाटवा, गुटी द्या, साखरपाणी द्या म्हणतील. मीबी माझ्या पोरांना दिलं, पण आता सून डॉक्टरीणबाईंचं ऐकती अन् तेच बरोबर आहे. वर्षाच्या आत मध नाही, सहा महिने पाणीसुद्धा नाही. अन् त्या बंद खोलीतली धुरी-शेगडी बंद करा, धुरानं लेकराचं नाक चोंदलं तर ते प्यायचं कसं?

विट्याची
आज्जी, एक नंबर!

कृष्णाकाठ
दाखवायचं कुठे ते कुणीच सांगितलं नाही. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय आहे, तिथे बाळंतिणींचा वॉर्ड आणि नवजात बाळांचा विभाग दोन्ही आहेत. "बाळ पाजताना पूर्ण बघा" असं स्पष्ट म्हणा, नाहीतर वजन करून परत पाठवतात. बालरोगतज्ज्ञांना जिभेखालचा पडदा बघायला सांगा. जीभ खालच्या हिरडीच्या पुढे येत नसेल, रडताना टोकाला खाच पडत असेल तर तेही कारण असू शकतं. प्रत्येक पडदा कापावा लागतो असं नाही.

गावात आहात तर आशाताईंना निरोप द्या. बाळंतपणानंतर ठरलेल्या दिवशी घरी येणं त्यांच्या कामातच आहे, सिझेरियन असेल तर सातव्या दिवसापासून. त्यांच्याकडे वजनकाटा असतो. आणि तुम्हाला थंडी वाजून ताप आला, छातीवर लाल गरम चट्टा उठला तर त्याच दिवशी डॉक्टर, पण पाजणं थांबवायचं नाही. बाळ सुस्त पडलं, पाजायला उठेनाच, लघवी कमी झाली किंवा पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत उतरला तर रात्र काढायची नाही. 102 ला, म्हणजे सरकारी रुग्णवाहिकेला, फोन करा.

कोरेगावची_लेक
अपडेट द्यायला उशीर झाला, माफ करा. काखेतून धरायचं जमलं! डाव्या बाजूला आता नीट लागते. आधी भराभर ओढते, मग लय संथ होते आणि घोट गिळल्याचा बारीक आवाज येतो. तो आवाज आईलाही ऐकवला, तेव्हापासून डोक्यामागचा हात गेला. चीर भरत आली आहे. उजवीकडे सिरिंज लावून कधी घेते, कधी नाही. आशाताईंनी ती युक्ती समोर बसून शिकवली आणि वजन केलं, 2.9 भरलं. डॉक्टरांनी जीभ बघितली, पडदा थोडा आहे पण आत्ता काही करायला नको म्हणाले. बोंडलं मिळालं नाही, वाटी-चमच्यावर चाललंय. पावडर रात्री एकदाच, ती पण पुढच्या वजनानंतर बघू म्हणाले. सासूबाई रविवारी येऊन गेल्या. काही बोलल्या नाहीत, जाताना डिंकाचे लाडू ठेवून गेल्या.

आता नवा प्रश्न. रात्री उठून उशा रचायच्या म्हणजे टाके ओढतात. आडवं पडून पाजलं तर चालेल का? आई म्हणते दूध कानात जातं.

वॉर्डातली_सिस्टर
चालेल. तुम्ही कुशीवर, पाठीला उशी, बाळही कुशीवर तुमच्याकडे तोंड करून, नाक बोंडासमोर. खालचा हात बाळाच्या डोक्याच्या वरच्या बाजूला घ्या. पान्हा जोरात सुटतो तेव्हा ओघळ कानाकडे येतो, गालाखाली फडका ठेवा म्हणजे झालं. बाळाच्या तोंडाजवळ जड गोधडी, उशी नको. झोप अनावर असेल तर आईंना शेजारी जागं ठेवा, पाजून झालं की त्यांनी बाळ उचलून त्याच्या जागी पाठीवर झोपवायचं. उजवी बाजू आधी द्या रात्री, भूक असते तेव्हा बाळ जास्त खटपट करतं.