विषय: अंगणात डॉगवुड लावायचं आहे

नमस्कार मंडळी,
व्हर्जिनियात रिचमंडजवळ शॉर्ट पंपला नवीन घर घेतलं. पुढे नुसतं लॉन, घराचं तोंड दक्षिणेला, दिवसभर रणरणतं ऊन. एप्रिलमध्ये रिचमंडभर डॉगवुडची झाडं फुललेली पाहिल्यापासून बायकोचा हट्ट आहे, लॉनच्या मधोमध एक हवंच. नर्सरीत कुंडीतली रोपं आहेत. मे संपत आलाय, लावून टाकू का? आणि डॉगवुडच्या जातींपैकी फ्लोरिडा घ्यावं की कौसा?

---

दादा, मधोमध नको आणि आत्ताही नको.
हे मूळचं जंगलातलं, ओकच्या सावलीत वाढणारं झाड. मुळं वरच्यावर असतात, त्यामुळे जुलैत दुपारचं ऊन लागलं की पानांच्या कडा करपतात. घराच्या पूर्वेला लावा: सकाळचं ऊन, दुपारी भिंतीची सावली. वाढून २०-२५ फूट होतं, म्हणून भिंतीला चिकटवू नका.
आपली माती लाल आणि चिकण. खड्डा रुंद घ्या, खोल नको. खोड जिथे मुळांकडे पसरतं तो भाग जमिनीच्या इंचभर वर राहू दे. खाली पाणी साचलं तर मुळं कुजतात. भोवती २-३ इंच मल्च (मातीवरचं सालपट-पाचोळ्याचं आच्छादन), पण खोडापासून लांब. इथे लोक खोडाला टेकवून मल्चचा डोंगर रचतात, का ते देव जाणे!
लॉनमध्ये नको म्हणण्याचं खरं कारण गवत कापायचं ट्रिमर. दोरी खोडाला लागून साल सोलवटली की त्या जखमेतून बोरर अळी आत शिरते आणि सालीखाली पोखरत बसते. वरून कळतही नाही.
पानं गळल्यावर, नोव्हेंबरात लावा.
– काकू, मिडलोथियन

---

काकूंशी सहमत. रोगाचं मी सांगतो. मी द्राक्षांच्या निफाडचा, त्यामुळे भुरी आणि करपा हे बुरशीचे रोग पाहतच वाढलो. डॉगवुडलाही हेच दोन छळतात. करपा १९७०च्या दशकात न्यूयॉर्कच्या बाजूला दिसला आणि ॲपलाचियन डोंगरांतली असंख्य झाडं गेली. मेरीलँडच्या कॅटॉक्टिन पार्कमध्ये त्यातून तगलेल्या झाडापासून ‘ॲपलाचियन स्प्रिंग’ हा वाण आला. आपल्याकडे उन्हाळ्यात भुरीच जास्त. तिच्यासाठी टेनेसी विद्यापीठाचा ‘ॲपलाचियन जॉय’ शोधा.
कौसा ऊन जास्त सोसतं, रोगही कमी. पण ते पानं आल्यावर, काही आठवड्यांनी फुलतं. वहिनींना भुरळ पडली ती निष्पर्ण फांद्यांवरच्या फुलांची ना? मग फ्लोरिडाच. (आपण पाकळ्या समजतो ती बोगनवेलीसारखी रंगीत पानंच; खरी फुलं मधला पिवळट-हिरवा झुबका.)

---

काका, काकू, आभार. पूर्वेला स्वयंपाकघराची खिडकी आहे, त्यामुळे बायको खूश. छाटणी कधी करायची?

---

करावी लागतच नाही फारशी. केलीच तर फुलं सरल्या सरल्या. पुढच्या वर्षीच्या कळ्या उन्हाळ्यातच धरतात, हिवाळ्यात कात्री लावलीत तर एप्रिल कोरडा. नोव्हेंबरात रोप निवडताना फांद्यांची टोकं बघा: गोल, चपटी कळी म्हणजे फूल, बारीक टोकदार म्हणजे नुसतं पान.
माती तपासून घ्या, काउंटीच्या एक्स्टेन्शन ऑफिसात (कृषी सल्ला केंद्रात) नमुन्यासाठी डबी मिळते. थोडी आम्लधर्मी हवी, पीएच ५.५ ते ६.५. पहिले दोन उन्हाळे पाऊस नसेल तर आठवड्यातून एकदा सावकाश, मुरेपर्यंत पाणी.
– काकू

---

आणि कुदळ मारण्याआधी ८११ ला फोन करा. गॅसच्या, विजेच्या लाइनी फुकट आखून देतात. एचओएचं (वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेचं) तुमचं तुम्ही बघा, त्यात मी पडत नाही.