मदत हवी आहे: निगेटिव्ह उलटवल्यावर फ्रेमच्या कडा उजळ येतात

जुन्या फिल्मचे कॅमेऱ्याने फोटो काढून, मग संगणकावर रंग उलटवून (निगेटिव्हचं पॉझिटिव्ह) डिजिटल करणं चालू आहे. ३५ मिमी कलर निगेटिव्ह, ६० मिमी मॅक्रो लेन्स, एफ/८, आयएसओ १००, रॉ फाइल (कॅमेऱ्याचा प्रक्रिया न केलेला डेटा). एलईडी पॅनेलपासून फिल्म ४ सेंमी वर. व्हाइट बॅलन्स फिल्मच्या कोऱ्या नारिंगी पट्टीवरून. फिल्मभोवतीचा उजेड काळ्या कार्डाने झाकलाय, फिल्मच्या कडेच्या छिद्रांसकट.

तरी उलटवल्यावर चारही कोपरे उजळ, किंचित निळसर. म्हणजे कॅमेऱ्याच्या न उलटवलेल्या शॉटमध्ये ते काळवंडतात. पॅनेल ९० अंशांत फिरवलं, डाग जागचा हलला नाही. तेव्हा दोष लेन्सचा की फिल्म धरणाऱ्या होल्डरच्या जाड कडेचा?

फिल्म काढून, फोकस आणि लेन्सचं छिद्र (एफ/८) तेच ठेवून कोऱ्या पॅनेलचा शॉट घ्यायचा नि फिल्मच्या शॉटला त्याने भागायचं, हे ठाऊक आहे. पण हा भागाकार उलटवण्याआधी, रॉच्या लिनिअर (उजेडाच्या थेट प्रमाणातल्या) डेटावरच करायचा ना? डार्कटेबल किंवा गिंप या फोटो-सॉफ्टवेअरमध्ये नेमका कसा? (पॅनेलऐवजी मोबाइलची स्क्रीन सुचवू नका, पिक्सेलची जाळी उमटते.)