ब्रिज: पार्टनरच्या ३ इस्पिकवर मी ४ बोललो, चुकलं का?

प्रश्न:
टीम मॅच, आम्ही व्हल्नरेबल (म्हणजे गेमचा बोनस आणि हरल्याचा दंड दोन्ही जास्त). पार्टनरने १ इस्पिकने ओपन केलं, उजवीकडून २ बदाम, मी २ इस्पिक, डावीकडून ३ बदाम, पार्टनर ३ इस्पिक. माझी पानं अशी: इस्पिक राजा-९-४, बदाम राणी-गुलाम-५, चौकट राजा-८-६-२, किलवर ७-५-३. माझे मोठ्या पानांचे नऊ पॉइंट म्हणजे २ इस्पिकसाठी भरपूरच, शिवाय पार्टनरने ३ बोलायला बराच वेळ घेतला होता म्हणून वाटलं त्याच्याकडे काहीतरी जास्त असणार, बोललो ४. एक हात कमी पडला. पार्टनर म्हणतो पासच करायचा होता. तुम्ही काय केलं असतं?

प्रतिसाद १:
पास. नऊमधले बदामाचे तीन पॉइंट जवळपास वाया, ते त्यांचे बदाम हुकूम असताना कामाला आले असते. इस्पिक तीनच आणि कुठलाच रंग तोकडा नाही, म्हणजे तुमच्या बाजूने हुकूम मारायलाही वाव नाही. पार्टनरकडे बहुतेक सहा इस्पिक, तुमची तीन धरून नऊ, आणि नऊ हुकूम असले की नऊ हातांपर्यंत, म्हणजे ३ च्या बोलीपर्यंत झगडायचं, म्हणून तो ३ बोलला. त्याने तुम्हाला काही विचारलंच नव्हतं.

प्रश्नकर्ता:
मग खरंच विचारायचं असेल तर? ३ बदामनंतर मधे बोलीच उरत नाही.

प्रतिसाद २:
म्हणूनच डबल (समोरच्यांच्या बोलीवर लावायचं)! दोन्ही बाजूंचा रंग जमलाय आणि त्यांचा रंग आपल्या लगेच खालचा आहे, तर डबल म्हणजे गेमचं (मोठा बोनस देणाऱ्या बोलीचं, इथे ४ इस्पिक) आमंत्रण, मॅक्सिमल डबल म्हणतात. पण आधी ठरलेलं हवं, ऐन टेबलवर करायला गेलात तर पार्टनर पेनल्टी, म्हणजे समोरच्यांना पाडायचं डबल समजून पास करेल. बाकी टीममध्ये व्हल्नरेबल असताना गेमकडे झुकणं बरोबरच आहे, झाला तर १७० ऐवजी ६२० म्हणजे १० इम्प (टीम मॅचमधले गुण) मिळतात, एकने गेला तर ६ जातात, सदतीस-अडतीस टक्के चान्स असला तरी पुरतो.

प्रतिसाद ३:
मला त्या 'बराच वेळ घेतला'बद्दल बोलायचंय. पार्टनर अडखळला त्यावरून काही ताडून बोली लावता येत नाही, नियम १६. इथे पासही सहज पटण्यासारखा होता, त्यामुळे ४ झाले असते तर समोरच्यांनी डायरेक्टरला (स्पर्धेच्या पंचांना) बोलावलं असतं आणि स्कोअर ३ इस्पिकचा केला गेला असता, आणि ते योग्यच झालं असतं. पार्टनर थांबला की मी स्वतःला विचारतो, तो झटकन बोलला असता तर मी काय केलं असतं? समोरच्यांच्या थांबण्यावरून मात्र अंदाज बांधू शकता, चुकला तर जबाबदारी आपली.

प्रश्नकर्ता:
झटकन बोलला असता तर पास केला असता. आजच पार्टनरशी बोलतो, डबलचंही ठरवून घेतो.