रात्री चाललेलं 'आलम आरा'चं शूटिंग

भारतातला पहिला बोलपट म्हणजे 'आलम आरा', त्याविषयी थोडं सांगतो. १४ मार्च १९३१ ला मुंबईत गिरगावातल्या मॅजेस्टिक थिएटरमध्ये तो लागला, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण तो तयार कसा झाला, ते जास्त विलक्षण आहे.

दिग्दर्शक अर्देशिर इराणींचा स्टुडिओ ग्रँट रोडच्या बाजूला केनेडी ब्रिजजवळ, रेल्वे रुळांना लागून. दिवसभर गाड्यांचा खडखडाट. आवाज चित्रासोबत त्याच फिल्मवर मुद्रित व्हायचा, नंतर दुरुस्तीची सोय नाही. म्हणून गाड्या थांबल्या की रात्री एक ते पहाटे चारच्या सुमारास काम चालायचं. माइक कुठेतरी दडवलेले, वाजवणारेही कॅमेऱ्याच्या नजरेआड. वजीर मोहम्मद खानांनी 'दे दे खुदा के नाम पे' गायलं, तेही हार्मोनियम-तबल्याच्या साथीवर, जागच्या जागी.

नायक आपले मास्टर विठ्ठल. मूकपटांचे एवढे मोठे स्टार, पण उर्दू उच्चार जमेनात, म्हणून त्यांना बरेचसे प्रसंग गुंगीत असल्यासारखे दिले गेले. मला याचं फार वाईट वाटतं. पडद्याला वाचा फुटली आणि त्याच क्षणी त्यांच्या तोंडचे शब्द कमी झाले.

आज या चित्रपटाची एकही प्रत उरलेली नाही. मॅजेस्टिकही पाडलं गेलं, तिथे आता शॉपिंग सेंटर आहे. ग्रँट रोडच्या आसपास लोकलचा खडखडाट कानावर आला की मी अजूनही क्षणभर थांबतो.