येझदी २५०: इंजिन खोललंय, क्रँक आधी की बोअर?

दोन_सायलेन्सर

नमस्कार मंडळी. १९७६ ची येझदी २५० (टू-स्ट्रोक मोटरसायकल), इंजिन पूर्ण खोललं आहे. खोलण्याआधीची लक्षणं अशी: चढावर लोड आला की खालून ठकठक, गिअरबॉक्समधलं ऑइल कमी होत जायचं पण बाहेर गळती कुठेच नाही, धूर भरपूर. आणि गाडी तापली की थ्रॉटल सोडला तरी रेस लगेच खाली येत नव्हती.

आत दिसलं ते असं: पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे. कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी, म्हणजे फिरणाऱ्या मुख्य दांड्याशी जोडणारा) वर-खाली ओढला की खेळ हाताला स्पष्ट जाणवतो. पिस्टन ०.५० ओव्हरसाइजचा आहे, म्हणजे मूळ ६५ मिमीपेक्षा अर्धा मिमी मोठा. बोअर (सिलिंडरचं आतलं भोक; झिजल्यावर ते कापून मोठं करणं म्हणजे बोअर मारणं) वरच्या बाजूला ६५.६८ मिमी आणि खाली ६५.५२ मिमी भरतो. मेकॅनिकचं म्हणणं, "बोअर मारून नवीन पिस्टन टाका, क्रँकला हात लावू नका." पटत नाहीये. कुठून सुरुवात करावी? क्रँक पुण्यात नीट होईल का? आणि सध्याच्या ई२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलसाठी आत काही बदलावं लागेल का?

लेथ_भोसरी

क्रँक आधी. रॉड वर-खाली हलतोय म्हणजे बिग एंड (रॉडच्या खालच्या टोकाचं रोलर बेअरिंग) गेलं, त्यात दुसरं मत असायचं कारण नाही. रॉडचं वरचं टोक डावी-उजवीकडे मिलिमीटरभर झुललं तर हरकत नाही, पण वर-खाली खेळ शून्यच हवा. असा क्रँक ठेवून नवीन पिस्टन टाकला तर ठकठक तशीच राहील, आणि एक दिवस रोलर धरून ठेवणारा पिंजरा तुटून रोलरचे तुकडे पोर्टमधून वर जातील. तेव्हा नवा बोअरही जाईल.

हा क्रँक प्रेस फिट आहे, म्हणजे त्याचे भाग एकमेकांत दाबून बसवलेले आहेत. दाबण्याआधी दोन्ही वेबवर (क्रँकच्या जाड चकत्यांवर) पट्टी धरून एक सरळ रेघ कोरून घ्या, जोडताना तीच उपयोगी पडते. किट घेताना रॉड, पिन, रोलर आणि पिंजरा एकाच सेटमधले घ्या. जुन्या रॉडमध्ये नुसती नवीन पिन घालून काम भागत नाही, कारण रॉडमध्ये रोलर फिरतात तो आतला पृष्ठभागही झिजलेला असतो. वेबचं भोक मायक्रोमीटरने मोजायला सांगा. हे क्रँक आधी दोन-तीनदा उघडलेले असतात आणि प्रत्येक वेळी भोक थोडं सैल होतं. पिन हाताने किंवा हलक्या ठोक्याने आत जात असेल तर ओव्हरसाइज पिन बनवून घ्या. पिनच्या टोकाला वेल्डिंग मारून देणारे भेटतील. त्यांना नाही म्हणा, पुढच्या वेळी तो क्रँक उघडताच येणार नाही.

जोडल्यावर सेंटरमध्ये धरून दोन्ही शाफ्टवर डायल (फिरताना किती डगमगतं ते दाखवणारं गेज) लावायची, अगदी बेअरिंगच्या जागेवर. ०.०३ मिमीच्या आत आलं पाहिजे. ०.०५ च्या पुढे असेल तर परत ट्रू (सरळ) करायला द्या. "डोळ्याला सरळ दिसतोय" हे उत्तर घेऊ नका, समोर उभं राहून डायलचा काटा बघा. भोसरी एमआयडीसीत आणि नाना पेठेच्या आसपास हे काम करणारे आहेत. वीस टनी प्रेस आणि चांगले सेंटर आहेत का, एवढं आधी विचारा.

मेन बेअरिंग बसवताना क्रँककेस (क्रँकभोवतीचं कवच) भट्टीत १०० अंशांपर्यंत सगळीकडून सारखा तापवा आणि बेअरिंग फ्रीजरमध्ये ठेवा. जवळपास हातानेच जागेवर बसतं. गॅसची ज्योत एकाच जागी धरली की अॅल्युमिनियमची केस वाकडी होते. बेअरिंग सी३ क्लिअरन्सचंच (आत थोडी जास्त फट असलेलं) घ्या, साधं घेतलं तर गरम झाल्यावर आवळतं. उजवीकडचं बेअरिंग झिजलं की डायनामोचं आर्मेचर आत घासू लागतं, त्यामुळे तिथे चमकलेली जागा दिसते का तेही बघून ठेवा.

कोथरूड_टू_स्ट्रोक

बोअरबद्दल. तुमचा वरचा आकडा ६५.६८, म्हणजे पुढचं माप ६५.७५. पण पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर मारू नका. डब्यावर ०.७५ लिहिलेलं असलं तरी पिस्टन प्रत्यक्षात किती भरतो ते मोजा: गजन पिनच्या (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) काटकोनात, स्कर्टच्या (पिस्टनच्या खालच्या भिंतीच्या) खालच्या भागात. त्या आकड्यात ०.०७ ते ०.०८ मिमी मिळवायचे, तोच तुमचा बोअर. बाजारातल्या पिस्टनचा धातू तापल्यावर जरा जास्तच फुगतो, म्हणून ०.०५ वर बसवलेले पिस्टन पहिल्याच मोठ्या चढाला चिकटतात.

६५.७५ मध्ये वरच्या झिजलेल्या भागात भिंतीच्या एका बाजूला जेमतेम ०.०४ ते ०.०७ मिमी धातू निघेल. ओरखडे त्यापेक्षा खोल असतील तर सरळ ६६.०० वर जा. होनिंगनंतर (दगडाने शेवटचं घासकाम केल्यावर) एक ओरखडा राहिला म्हणून पुन्हा बोअर मारावा लागला तर दोन पिस्टनचे पैसे गेले.

यापुढची पायरी बहुतेक जण गाळतात. बोअर मारला की पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या वायूच्या वाटांच्या) कडा सुरीसारख्या धारदार होतात. त्या सगळ्या बारीक दगडाने अर्धा मिमी मोडून घ्या, नाहीतर रिंग अडकते आणि तुटते. रिंगची फट सिलिंडरमध्ये घालून फिलरने मोजा, ०.२० ते ०.३० हवी. रिंगचं तोंड खाचेतल्या खुंटीवर बसलंय का ते पाहूनच सिलिंडर खाली उतरवा. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे, सर्क्लिप नेहमी नवीन.

छोट्या टोकाची बुश नवीन असेल तर रीमर मारल्यावर गजन पिन अंगठ्याच्या दाबाने सरकली पाहिजे, आणि बुशमधलं ऑइलचं भोक रॉडच्या भोकासमोर आलं पाहिजे. सिलिंडर शेवटी गरम पाणी आणि साबणाने धुवा. पेट्रोलने होनिंगची पूड निघत नाही. पांढरं फडकं आत फिरवून काळं होणं थांबेपर्यंत धुवा आणि लगेच ऑइल लावा.

सील_आणि_सिमर

क्रँक आणि बोअरवर वर सगळं आलंय, पण तुमच्या लक्षणांत अर्धा दोष सीलचा (क्रँकच्या शाफ्टभोवतीच्या रबरी कड्यांचा) आहे आणि तो कुणी धरला नाही. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हाच पंप असतो. डावीकडचं सील गेलं की प्रायमरीचं (क्रँककडून क्लचकडे जाणाऱ्या चेनच्या कप्प्यातलं) ऑइल आत ओढलं जातं, आणि ते गिअरबॉक्सशी एकच असतं. म्हणूनच तुमचं गिअर ऑइल गळती नसताना कमी होत होतं आणि धूर होत होता. उजवीकडचं, डायनामोमागचं सील गेलं की आत हवा ओढली जाते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), रेस खाली येत नाही आणि पिस्टन एक्झॉस्टच्या बाजूला चिकटतो. तुमच्या पिस्टनवरचे ओरखडे त्याच जागी आहेत. सील तसंच ठेवून बोअर मारला तर नवा पिस्टनही त्याच वाटेने जाणार.

दोन्ही सील व्हायटनची घ्या. ई२० मध्ये साधं नायट्राइल रबर फुगतं आणि नंतर कडक होतं. शाफ्टवर जुन्या सीलच्या ओठाने खाच पाडली असेल (नखाला लागते) तर सील एक मिमी पुढे-मागे बसवा, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर येईल. मात्र बेअरिंगला ऑइल पोचवणारं भोक झाकलं जात नाही ना, हे आधी बघा. खाच खोल असेल तर शाफ्टवर क्रोम चढवून ग्राइंडिंग.

इंजिन जोडलं की फ्रेममध्ये चढवण्याआधी प्रेशर टेस्ट करा. दोन्ही एक्झॉस्ट आणि कार्ब्युरेटरचं तोंड रबरी बूच आणि पट्टीने बंद करा. एका बुचात ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवा. हातपंपाने फक्त ६ पीएसआय हवा भरा, जास्त भरली तर सीलच जागचं हलेल. मिनिटाला १ पीएसआयपेक्षा जास्त उतरता कामा नये. उतरलं तर साबणाचं पाणी केसच्या जोडावर, सिलिंडरखालच्या पॅकिंगवर आणि डायनामोच्या बाजूला लावा, बुडबुडे जागा दाखवतात. डावीकडे प्रायमरीचं झाकण लावण्याआधीच ही टेस्ट करा, नाहीतर त्या सीलचे बुडबुडे दिसणार नाहीत.

दोन_सायलेन्सर

फार उपयोगी, आभार. ओरखडे बोअर गेजने तपासून मग माप ठरवतो. ऑइल किती मिसळायचं? एक जण १:५० सांगतोय, सिंथेटिक वापरलं तर.

कोथरूड_टू_स्ट्रोक

१:५० नको. बुशचं छोटं टोक असलेल्या या इंजिनाला १:२५ च, म्हणजे लिटरला ४० मिली. सिंथेटिकने कार्बन कमी होईल, पण बुशला हवं असतं ते ऑइलचं प्रमाण.

लेथ_भोसरी

सिंथेटिकवर १:३२ ला नीट चाललेली इंजिनं आहेत, त्यामुळे ऑइल १:२५ पेक्षा अजिबात कमी करू नये असं नाही. पण रनिंग-इन (नवे भाग रुळेपर्यंतचं चालवणं) १:२५ वरच करा.

सील_आणि_सिमर

ई२० बद्दल: इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, म्हणून त्याच जेटवर मिश्रण पातळ पडतं. मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं मुख्य छिद्र) एक नंबर मोठा घालून सुरुवात करा. सपाटीवर तीन-चतुर्थांश थ्रॉटलवर दोन किमी चालवून क्लच दाबून इंजिन बंद करा आणि प्लग बघा. कॉफीसारखा तपकिरी हवा, पांढरट असेल तर अजून मोठा जेट. पेट्रोलच्या कॉकचं जुनं रबर आणि पाइप बदला. इथेनॉल पाणी ओढतं, त्यामुळे पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून फ्लोट बाऊल रिकामा करा.

इग्निशनच्या पॉइंटची फट ०.४ मिमी. टायमिंग हेड बसवण्याआधी लावा, डायल गेज पिस्टनच्या मध्यावर ठेवून, टीडीसीच्या (पिस्टनच्या सर्वांत वरच्या जागेच्या) आधी सुमारे ३ मिमी. प्लगच्या तिरक्या भोकातून मोजलं तर आकडा चुकतो.

पहिले ५०० किमी कात्रज, दिवे किंवा सिंहगडाचा घाट नको. नंतरही घाट उतरताना थ्रॉटल पूर्ण बंद ठेवून गिअरवर गाडी रोखू नका. थ्रॉटल बंद म्हणजे पेट्रोल जवळपास बंद, आणि पेट्रोलबरोबर ऑइलही. दर वळणाला क्लच दाबून हलकी रेस द्या.