मदत हवी आहे : एमआरआय ‘नॉर्मल’ असताना मेंदूतील जोडणीची वेगळी तपासणी करून घ्यावी का?

नमस्कार. मी कोल्हापुरात राहतो आणि कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. माझा 21 वर्षांचा भाचा दिवाळीपासून मित्रांना टाळू लागला, रात्र रात्र जागू लागला, आणि कोणी नसताना आवाज ऐकू येतात असे सांगू लागला, तेव्हा आम्ही त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी सायकोसिसची (वास्तवाचे भान सुटण्याच्या मानसिक आजाराची) सुरुवात आहे असे सांगून औषधे दिली, आणि गाठ किंवा मेंदूची सूज असे दुसरे कारण नाही ना, याची खात्री करण्यासाठी एमआरआय करवला. त्यात काहीच निघाले नाही.

अडचण तिथूनच सुरू झाली. रिपोर्ट चांगला आहे तर गोळ्या कशाला, असे दाजी विचारतात. कागलची आजी तर पहिल्या दिवसापासून ‘बाहेरचे’ म्हणत आहे. आवाज कमी झाले आहेत ते गोळ्यांमुळेच, असे माझे मत आहे, पण घरात ते एकट्याचे पडते.

वाचून मला जे समजले ते असे. साध्या एमआरआयमध्ये मेंदूची रचना दिसते. दूरचे भाग एकमेकांशी कसे काम करतात ते दिसत नाही. या आजारात जोडणीच बिघडते, ही कल्पना 1990 च्या दशकात फ्रिस्टन आणि फ्रिथ या मेंदू-संशोधकांनी नव्याने मांडली. डिफ्युजन एमआरआयमध्ये पाण्याचे रेणू मज्जातंतूंच्या दिशेने किती सहज आणि आडवे किती सरकतात हे मोजतात, आणि हा फरक रुग्णांच्या गटात सरासरीने कमी आढळतो, विशेषतः दोन्ही गोलार्धांना जोडणाऱ्या पट्ट्यात. मेंदूचे भाग एकमेकांच्या मेळाने काम करतात का हे पाहणाऱ्या फंक्शनल एमआरआयमध्ये थॅलॅमसचा (मेंदूच्या मध्यभागातील, संवेदना पुढे पोचवणाऱ्या केंद्राचा) मेंदूच्या पुढच्या भागाशी असलेला मेळ क्षीण, तर संवेदना व हालचालींच्या भागांशी उलट वाढलेला दिसतो, आणि तोही आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातच. मात्र हे सारे गटांच्या सरासरीबद्दल आहे. निरोगी आणि आजारी माणसांचे आकडे एकमेकांत इतके मिसळतात, शिवाय डोके जरा हलले तरी मोजमाप इतके बिघडते, की एका मुलाच्या स्कॅनवरून निदान करता येत नाही.

तरीही एका खासगी केंद्राने ‘जोडणीचा स्कॅन केला की सगळे स्पष्ट होईल’ असे ताईला सांगितले आहे आणि ती दागिने मोडायला निघाली आहे. मला हे पटत नाही. पण मी डॉक्टर नाही.

दाजी एसटीत वाहतूक नियंत्रक आहेत, म्हणून त्यांना असे सांगावे म्हणतो : रस्त्यांचा नकाशा बिनचूक असला तरी गाड्या वेळेवर धावतात की नाही हे नकाशावरून कळत नाही. हे उदाहरण योग्य आहे का, की काही मार्गांवर गर्दी उलट वाढते ही बाब त्यात सुटल्यामुळे ते दिशाभूल करील?

दुसरे म्हणजे, अशा स्कॅनमुळे कोणाच्या उपचारात खरोखर बदल झाला आहे का? आणि गोळ्या परस्पर बंद केल्यावर आजार उलटल्याचा अनुभव कोणाच्या घरी असेल, तर तो कृपया सविस्तर लिहावा. दाजी स्वतः हा धागा वाचणार आहेत. पुढची तपासणी येत्या गुरुवारी आहे.